एक पदवी, दोन दारे : अन्नशास्त्र आणि पोषणशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचा आढावा

अन्नशास्त्र व पोषणशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या मुलीला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात : वजन कमी करायला काय खाऊ, आणि स्वतःचं क्लिनिक कधी काढणार? दोन्ही प्रश्न या पदवीच्या एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवतात. बिस्किटाच्या कारखान्यातली गुणवत्ता तपासणी, सरकारी प्रयोगशाळेतले अन्न विश्लेषण, मेळघाटातल्या बालकांच्या दंडाचा घेर मोजणे, अतिदक्षता विभागात नळीवाटे द्यायच्या आहाराचा हिशेब, ही सगळी कामे याच किंवा याला लागून असलेल्या पदव्यांची माणसे करतात. नाव एक आणि कामे इतकी वेगळी, म्हणून प्रवेश घेणाऱ्यांचा गोंधळ उडतो आणि पदवी हातात आल्यावर काहींचा अपेक्षाभंगही होतो. या गोंधळाची मुळे आपल्याकडे हे शिक्षण कसे उभे राहिले त्यात आहेत.

पदवीच्या नावात दोन विषय आहेत. अन्न पिकते, साठते, दळले जाते, शिजते, आंबते, डबाबंद होते, खराब होते. ताटात येईपर्यंतच्या या प्रवासाचा अभ्यास म्हणजे अन्नशास्त्र. तोंडात गेल्यावर त्याचे काय होते आणि ते न मिळाल्यास शरीराचे काय होते, हे पोषणशास्त्राचे क्षेत्र. विद्यार्थ्याला दोन्ही लागतात. पण आपल्याकडे हे दोन विषय दोन वेगळ्या घराण्यांत वाढले.

पोषणाचे घराणे गृहविज्ञानाचे. दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज १९३२ मध्ये निघाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, हंसा मेहता कुलगुरू असताना, १९५० मध्ये गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे जुहू येथील गृहविज्ञान महाविद्यालय, निर्मला निकेतन, माटुंग्याचे बी.एम.एन. आणि नागपुरात लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय ही नावे मराठी घरांना परिचित आहेत. मुलींना शिकवायचे तर घर चालवण्याच्या उपयोगाचे शिकवा, या समजुतीचा आधार घेऊनच ही शाखा उभी राहिली, हे खरे आहे. पण त्या आडोशाने हजारो मुली जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकल्या, हेही तितकेच खरे. स्वयंपाकाच्या नावाखाली विज्ञान घरात शिरले.

अन्नाचे घराणे वेगळे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले यूडीसीटी, सुरू झाला. आजची ती रसायन तंत्रज्ञान संस्था. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० ची. परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६ पासून अन्नतंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे. इथला विद्यार्थी उष्णता वहन, पॅकेजिंग, वाळवणी, शीतसाखळी असे विषय शिकतो. परभणीच्या एकाच आवारात अन्नतंत्रज्ञान एका इमारतीत आणि गृहविज्ञान दुसऱ्या इमारतीत आहे. कृषी विद्यापीठांनी गृहविज्ञानाला आता 'सामुदायिक विज्ञान' असे नाव दिले आहे. इमारती जवळ असल्या तरी वर्ग वेगळे, पदव्या वेगळ्या, आणि नोकरीच्या जाहिरातींतल्या अटीही वेगळ्या.

तिसरे घराणे निव्वळ संशोधनाचे. १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टरने बेरीबेरीच्या शोधासाठी एका खोलीत काम सुरू केले. त्याने भारतातल्या वेगवेगळ्या समाजांचे आहार उंदरांना खाऊ घातले. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले आणि पॉलिश केलेल्या तांदळावर विसंबलेल्या मद्रासी आहारावरचे सर्वांत अशक्त. त्या यादीत एक 'मराठा' आहारही होता. समाजांना अशी लेबले लावून उंदरांवर निकाल काढणे आज कोणी करणार नाही, पण दूध, डाळ, भाजी आणि पॉलिश न केलेले धान्य यांचा मुद्दा त्याने ठळक केला. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. कोणत्या पदार्थात किती लोह, किती प्रथिने, हे देशभरचे विद्यार्थी याच संस्थेच्या तक्त्यांतून पाहतात.

या तिन्ही घराण्यांत एकाच आयुष्यात वावरलेली व्यक्ती म्हणजे कमला सोहोनी. माहेरच्या त्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये बी.एस्सी. होऊन त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या परीक्षेच्या अटीवर घेतले. तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला जाऊन वनस्पतींमध्येही सायटोक्रोम सी हे प्रथिन असते हे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. परत आल्यावर दिल्ली, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर संशोधन केले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना नीरेचा उपयोग होतो का, हा त्यामागचा प्रश्न होता. आरे दूध प्रकल्पाला त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला आणि उतारवयात ग्राहक चळवळीत भेसळीविरुद्ध काम केले. प्रयोगशाळेतले रेणू, गरिबाच्या पेल्यातले पेय आणि दुकानातला भेसळीचा माल हे तीन वेगळे विषय आहेत असे त्यांना कधी वाटले नसावे. थोरल्या बहिणीने 'खमंग' लिहिले आणि धाकटीने अन्नाचे जीवरसायन उलगडले. हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो. आजच्या अभ्यासक्रमांनी मात्र हे सगळे कप्पे पुन्हा वेगळे करून ठेवले आहेत.

दोन वर्षांत शिकायचे असते तरी काय? पहिल्या सत्रात बहुतेक ठिकाणी पोषणाचे जीवरसायन, अन्नरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती असते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक मिळू लागले, ही चांगली गोष्ट. पण या पदवीचा कस प्रयोगशाळेत लागतो.

एखादा पदार्थ घ्या आणि त्यात काय आहे ते सांगा, हा अन्नशास्त्राचा पहिला प्रश्न. ओलावा काढायला ओव्हन, राख काढायला भट्टी, स्निग्धांशासाठी सॉक्सलेटचे उपकरण, आणि प्रथिनांसाठी डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये मांडलेली पद्धत. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करायचे, तो मोजायचा आणि येणाऱ्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, त्यावरून हा गुणक आला. वर्षानुवर्षे विद्यार्थी हे जर्नलमध्ये उतरवतात आणि विसरतात. पण या पद्धतीत एक छिद्र आहे : ती प्रथिने मोजतच नाही, नायट्रोजन मोजते. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी मिसळलेल्या दुधात मेलामाइन टाकले गेले, ते नेमके याच छिद्रातून. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोनतृतीयांश नायट्रोजन असतो. चाचणीत दूध सकस ठरले, आणि सुमारे तीन लाख बाळांना त्याची बाधा झाली. सहा दगावल्याचे चीनने अधिकृतपणे सांगितले. केल्डालची पद्धत शिकवताना जो शिक्षक ही गोष्ट सांगत नाही, तो विद्यार्थ्याला फक्त बटणे दाबायला शिकवतो असे माझे मत आहे.

पोषणाच्या बाजूची मोजणी याहून अवघड, कारण समोर परीक्षानळी नसून माणूस असतो. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंत?' या प्रश्नावर चोवीस तासांच्या आहारनोंदीची सगळी इमारत उभी असते. उत्तर येते, 'नेहमीचंच.' नेहमीचे म्हणजे किती भाकऱ्या, किती मोठ्या, ज्वारीच्या की बाजरीच्या? वाटीभर आमटी, पण वाटी कुणाची? म्हणून विद्यार्थी ठरावीक मापाच्या वाट्या, चमचे, पेले घेऊन जातात. आदल्या दिवशी एकादशी असली तर साबुदाणा, भगर आणि शेंगदाण्याने सगळा आकडा तिरका होतो. घरातली बाई सगळ्यांत शेवटी जेवते आणि उरलेले खाते, त्यामुळे तिला स्वतःच्या ताटाचे माप सांगताच येत नाही. तेल किती लागले हे कळायला महिन्याला किती लिटर आणता असे विचारून माणसांनी भागावे लागते. त्यात राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत, पण ते मुख्यतः कच्चे. म्हणजे पिठले-भाकरीचे पोषणमूल्य काढायचे तर बेसन, तेल, कांदा, मिरची, पीठ असे सगळे सुटे करून बेरीज करायची. हे काम कंटाळवाणे आहे. पण ज्याने पन्नास घरांत हे केले आहे तो ओपीडीत रुग्णाला '१८०० किलोकॅलरी घ्या' असे कधी सांगत नाही, किती भाकऱ्या आणि केवढी वाटी ते सांगतो.

दोन्ही विषय एकत्र का लागतात, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत चांगले उदाहरण नाचणीचे सत्त्व आहे. वरचे अन्न सुरू झालेल्या बाळाला आई पेज देते. पिठातला स्टार्च शिजताना पाणी शोषून फुगतो आणि पेज घट्ट होते. बाळाला गिळता येत नाही म्हणून आई पाणी घालते. पेज पातळ होते आणि प्रत्येक घासातली ऊर्जाही घटते. बाळाचे पोट छोटे, ते भरते, पण गरज भागत नाही. धान्य भिजवून मोड आणले की त्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते स्टार्चच्या साखळ्या तोडते. असे मोडाचे थोडे पीठ घट्ट पेजेत कालवले की ती पातळ होते, पाणी न वाढवता. बडोद्याच्या गृहविज्ञान शाखेत तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याच तत्त्वावर अमायलेजयुक्त पिठाचे काम केले. आपल्या आज्या नाचणी भिजवत, मोड आणत, सावलीत वाळवत आणि दळत, त्यात हे रसायन होतेच. पण मोड आलेली नाचणी खमंग होईपर्यंत भाजली किंवा ते पीठ उकळत्या पेजेत टाकले तर विकर मरते आणि सगळी मेहनत चवीपुरती उरते. कोणत्या तापमानाला विकर टिकते, हे अन्नशास्त्र सांगते. बाळाला दिवसातून किती वेळा आणि किती द्यायचे, हे पोषणशास्त्र. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते हे सगळे पाठ म्हणतात. त्यातले शरीराला किती मिळते ते बऱ्याच अंशी धान्यातले फायटेट हे संयुग ठरवते, आणि मोड आणल्याने, आंबवल्याने ते कमी होते. आंबील हा पदार्थ या अंगानेही अभ्यासण्यासारखा आहे.

विद्यार्थ्यांनी वाचावेत असे या क्षेत्रातले काही मोठे वाद महाराष्ट्राशी थेट जोडलेले आहेत. साताऱ्याकडचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक. साठच्या दशकात जगभर 'प्रथिनांची तूट' हा परवलीचा शब्द होता. माशांच्या पिठापासून तेलबियांच्या पेंडीपर्यंत सगळ्यातून प्रथिने काढायची धडपड सुरू होती. सुखात्म्यांनी सांगितले की गरीब माणूस नेहमीचे अन्न पोटभर खाईल तर बहुतांशी प्रथिनेही पुरतील. प्रश्न पोट न भरण्याचा आहे. १९७४ मध्ये पोषणतज्ज्ञ डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रथिनांच्या त्या सगळ्या प्रकरणाला फजितीच म्हटले. पुढे सुखात्मे म्हणू लागले की एकाच माणसाची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर कमी खाण्याशी काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून कुपोषितांचा आकडा फुगवलेला आहे. त्यावर अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी कडाडून टीका केली. दोघे पुण्यात काम केलेले, दोघेही आकड्यांचे पक्के. गरिबी मोजायची कशी हा प्रश्न त्या वादातून आजवर चालत आला आहे. आज पुन्हा प्रत्येक पाकिटावर 'हाय प्रोटीन' छापले जाते आहे, तेव्हा तो इतिहास वाचलेला विद्यार्थी निदान थोडा सावध राहील.

दुसरी गोष्ट पुण्याच्या केईएम रुग्णालयाची. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. इथली बाळे वजनाने कमी, पण चरबीच्या प्रमाणात इंग्लंडमधल्या बाळांच्या फार मागे नाहीत, असे दिसले. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचे छायाचित्र छापले : दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३, पण चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१. जास्त कुणाची, हे सांगायला नको. पुढे याच अभ्यासातून आईच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी असेल तर मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसते, असेही निरीक्षण आले. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि सहकाऱ्यांनी या स्त्रियांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा बाळाच्या जन्मवजनाशी संबंध दाखवला. जगाने दखल घेतलेले हे काम आपल्या खेड्यांत झाले.

आणि याच राज्यात दरवर्षी शेकडो प्रबंध कशावर होतात? अमुक पानाची पूड घातलेले बिस्किट, तमुक बियांचे पीठ घातलेले लाडू. शेवगा, फणसाच्या आठळ्या, जवस, राजगिरा, केळीचे पीठ. घटक बदलतो, साचा तोच. पाच-दहा-पंधरा टक्के मिसळायचे, विभागातल्या मैत्रिणींना नऊ गुणांच्या श्रेणीवर चव विचारायची, दहा टक्क्यांचा नमुना 'सर्वाधिक स्वीकारार्ह' ठरवायचा आणि लोह वाढल्याचा तक्ता जोडायचा. ते लोह शरीरात शोषले जाते का, तो लाडू कोण विकत घेणार, किती दिवस टिकणार, यावर ओळही नसते. पहिले प्रयोगकौशल्य येण्यासाठी हा साचा ठीक आहे. पदव्युत्तर संशोधन म्हणून तो थकला आहे. मार्गदर्शकांना उपकरणे, रसायने आणि निधी यांची चणचण असते, हे मान्य. पण घरोघरच्या आहाराचा प्रामाणिक अभ्यास करायला महागडे यंत्र लागत नाही.

गरज किती आहे ते आकडे सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. कृशतेत आपण देशाच्या १९.३ टक्के या सरासरीपेक्षाही वाईट आहोत, आणि हे देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी एकात. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याच पाहणीत जवळपास प्रत्येक चौथी स्त्री जादा वजनाची. नंदुरबार आणि ठाणे एकाच राज्यात आहेत, आणि एकाच अभ्यासक्रमाने दोन्हीकडे पुरे पडायचे आहे.

तांदळाचे बलवर्धन हे दोन्ही विषय एकत्र लागतात अशा ठिकाणचे ताजे उदाहरण. तांदळाचे पीठ, लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ यांचे मिश्रण यंत्रातून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात रेशनच्या तांदळात मिसळतात. हे दाणे वेगळे दिसतात, म्हणून गावोगाव 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी अफवा उठली आणि बायका ते निवडून टाकू लागल्या. शिवाय विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. लोह घातलेल्या अन्नाच्या पाकिटावर सिकलसेल व थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी इशारा छापण्याची अट आधी होती, पुढे ती काढली गेली, आणि त्यावरून तज्ज्ञांत मतभेद आहेत. दाणा शिजताना फुटू नये हा प्रश्न अन्नतंत्रज्ञाचा, कुणाला तो द्यावा हा पोषणतज्ज्ञाचा आणि डॉक्टरचा, आणि निवडून टाकणाऱ्या बाईला पटवण्याचा अंगणवाडी सेविकेचा. या चौघांना एका भाषेत बोलायला लावेल अशा माणसाची जागा आपल्या यंत्रणेत कुठेच मंजूर नाही.

पदवीच्या नावाकडे बारीक लक्ष द्यावे लागते, कारण सरकार नावे वाचते. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आणि त्याचे नियम २०११ चे. त्या नियमांत अन्न सुरक्षा अधिकाऱ्यासाठी अन्नतंत्रज्ञान, दुग्धतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेलतंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र यांतली पदवी, रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किंवा वैद्यकीय पदवी अशी यादी होती. पोषणशास्त्राचे नाव त्यात नव्हते. अन्न विश्लेषकासाठी मात्र 'अन्न आणि पोषण' विषयातली पदव्युत्तर पदवी चालते. पुढे प्रयोगशाळेचा अनुभव आणि केंद्रीय परीक्षा लागते. नियमांत दुरुस्त्या होत राहतात, म्हणून अर्ज करताना ताजी जाहिरात आणि आपल्या गुणपत्रिकेवरचे पदवीचे नेमके नाव शेजारी ठेवून वाचावे. एका शब्दाच्या फरकाने अर्ज बाद होतात.

आहारतज्ज्ञांची कथा आणखी निराळी. भारतीय आहारशास्त्र संघटना १९६३ पासून आहे आणि तिची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा मोठी रुग्णालये मानतात. पण कायद्याने 'आहारतज्ज्ञ' ही पाटी लावायला कुणालाच बंदी नव्हती. तीन महिन्यांचा ऑनलाइन वर्ग केलेला आणि दोन वर्षे वॉर्डात घासलेला, दोघे इन्स्टाग्रामवर सारखेच दिसत. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांना प्रथमच आपल्या यादीत घेतले. नोंदणीची यंत्रणा सगळीकडे धड चालू व्हायला वेळ लागतो आहे, पण दिशा ठरली. त्याचाच परिणाम म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन यांसारखे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या अनेक बायकांचा रस्ता यामुळे बंद झाला, ही खंत खरी आहे. पण रुग्णाच्या खाटेजवळ न जाता आहारशास्त्र शिकता येते, असे म्हणणेही अवघड आहे.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात. रुग्णालये, अन्नउद्योगातला गुणवत्ता विभाग, नव्या पदार्थांचा विकास, लेबलवरच्या दाव्यांची छाननी, पोषण अभियानाशी जोडलेल्या संस्था, आणि नेट उत्तीर्ण झाल्यास अध्यापन. उद्योगात सुरुवात रात्रपाळीने होते आणि कारखाने शहराबाहेर असतात, हे आधी कुणी सांगत नाही. रुग्णालयात सुरुवातीचा पगार बेताचा असतो. पोषणाच्या वर्गात मुलगे जवळजवळ दिसत नाहीत, अन्नतंत्रज्ञानाच्या वर्गात मात्र भरपूर. कोणत्या कामाला आपण 'बायकांचे' मानतो आणि म्हणून कमी मोबदला देतो, याचा हा सरळ पुरावा आहे. स्थळे पाहताना 'मुलगी न्यूट्रिशनची एम.एस्सी.' याचा अर्थ अजूनही कित्येक घरांत 'स्वयंपाक उत्तम' असाच घेतला जातो.

परदेशी जाणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावे. ब्रिटनमध्ये लीड्ससारख्या विद्यापीठांत याच नावाची एक वर्षाची एम.एस्सी. आहे, नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान आणि पोषण या दोन्हींचे नावाजलेले अभ्यासक्रम आहेत. शिक्षण उत्तम मिळते, उद्योगात आणि संशोधनात त्याची किंमत होते. पण ब्रिटनमध्ये 'डायटिशियन' ही उपाधी कायद्याने राखीव आहे; आरोग्य व्यवसाय परिषदेने मान्य केलेला वेगळा अभ्यासक्रम केल्याशिवाय ती लावता येत नाही. अन्नशास्त्र-पोषणाची साधी एम.एस्सी. त्यासाठी पुरत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसायलाच पदव्युत्तर पदवी लागते, तीही मान्यताप्राप्त प्रशिक्षणासह. शैक्षणिक कर्जावर सही करण्याआधी एजंटाला हा एकच प्रश्न विचारावा : हा कोर्स केल्यावर तिथल्या रुग्णालयात मला आहारतज्ज्ञ म्हणून नोंदणी मिळेल का? उत्तर लेखी मागावे.

इथेच शिकणाऱ्यांनीही प्रवेशाआधी महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेऐवजी प्रयोगशाळा पाहावी. केल्डालचा संच चालू आहे की कपाटात, गेल्या वर्षीचे प्रबंध कोणत्या विषयांवर झाले, इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात किंवा कारखान्यात होते, ती विद्यार्थ्यांनीच शोधायची की विभाग लावून देतो, गावात पाहणीला नेतात की नाही, हे आदल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना थेट विचारावे. वॉर्डात काम करायचे असेल तर क्लिनिकल न्यूट्रिशन घ्यावे, कारखान्यात जायचे असेल तर अन्नतंत्रज्ञान. दोन्ही नावे असलेली पदवी घ्यायची असेल, तर जिथे दोन्ही बाजूंचे शिक्षक आणि दोन्ही बाजूंची प्रयोगशाळा प्रत्यक्ष आहे अशाच ठिकाणी घ्यावी; तशी ठिकाणे महाराष्ट्रात आज थोडी आहेत.